जर्मेनियमचा गाळा

भिवंडी, ३ फेब्रुवारी १९८८

माधव,

‘चिरंजीव’ आणि ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ यांची जागा वर मोकळी सोडली आहे. आशीर्वाद द्यायचे की कान उपटायचे, हे ठरलं की भरीन.

तुझं पत्र पोचलं. मला नव्हे, बाळारामशेटना. काल दुपारी ते गाळ्यावर आले, खिशातून तुझं संमतीपत्र काढलं आणि माझ्यासमोर धरलं. दीड वर्षात सख्ख्या बहिणीला तुझी एक चिठ्ठी, आणि अंजूरच्या बाळारामशेटना मात्र टाइप केलेलं, सहीचं पत्र! ‘गाळा आपणास देण्यास माझी हरकत नाही.’ तुझी नसेल. माझी आहे. भाऊ वारल्यावर वडिलांचा गाळा आपल्या दोघांच्या नावावर झाला, हे अमेरिकेच्या हवेत विसरायला होतं का?

बाळारामशेटचा राग आला नाही. शेजारची शेड त्यांची, आपला गाळा मिळाला तर त्यांना आठ लूम वाढवता येतात. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, “ताई, मना घाई न्हाय. पन भावानं लिवून दिलाय. ईद झाली का मानसा गावावरनं परत येतील, तवा नवे लूम बशिवायचे हायेत. तवर तुमचा काय तो प्रयोग उरकून घ्या.”

म्हणजे मे महिना. तोवर तुझ्या त्या संशोधन संस्थेला त्यांच्या यंत्रासाठी हवा तसा स्फटिक निघाला, तर पुढचं काम माझं आणि गाळा सोडायचा प्रश्नच नाही. नाही निघाला तर भट्टी भंगारात, गाळ्यात लूम, आणि मी पुन्हा कुठल्या तरी क्लासमध्ये ओहमचा नियम शिकवत बसणार. तुला सांगून ठेवते, म्हणजे नंतर ‘मला कुणी कळवलं नाही’ हे नको.

जाताना शेटनी भट्टीच्या झरोक्यातून आत वाकून पाहिलं. “ताई, खरा सांगा, हितं सोना बनतो का?” मी हसले. म्हटलं, सोनं नाही, जर्मेनियम. रेडिओत पहिल्यांदा जे ट्रान्झिस्टर आले ते याचे. मग सिलिकॉन आलं, वाळूतून निघणारं, स्वस्त, ताप जास्त सोसणारं, आणि त्याने याला घराबाहेर काढलं. पण एक काम सिलिकॉनला धड येत नाही. गरम वस्तूतून जी न दिसणारी उष्णता बाहेर पडते, ती जर्मेनियममधून आरपार जाते. डोळ्यांना पोलादाचा तुकडा दिसतो, उष्णतेला तीच खिडकीची काच. त्याचं भिंग केलं की तारेचा कुठला जोड आतून तापलाय ते आग लागायच्या आधी दिसतं. शेट एकदम गंभीर झाले. त्यांच्या जुन्या शेडला शॉर्टसर्किटने आग लागली होती, ती तुलाही आठवत असेल. “मंग ह्या चांगला हाय,” म्हणाले. तरी संमतीपत्र घडी घालून खिशात ठेवलंच.

तुझी ती एकुलती एक चिठ्ठी माझ्याकडे आहे. ‘ताई, सिलिकॉन जिंकलं. जर्मेनियम मेलं. बंद कर.’ वा! कल्याणच्या कॉलेजातली नोकरी सोडायला मला लावलीस तू, संस्थेतून जर्मेनियमच्या विटा आणल्यास तू, आणि विमानात बसायच्या आदल्या दिवशी आम्हाला सांगितलंस तेही तूच. आता तिकडे सिलिकॉनच्या कारखान्यात पांढरा झगा घालून उंटावरून शेळ्या हाकतोयस.

माई बरी आहे. कानाने आणखी कमी ऐकू येतं. तुझी विचारपूस रोज करते, पोस्टमनकडे.

सुमती


भिवंडी, १९ मार्च १९८८

माधव,

उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच. तरी लिहिते, कारण इथे ज्याला हे कळेल असं दुसरं कुणी नाही, आणि मनात दाबून ठेवलं तर माझं डोकं फिरेल.

काल शुक्रवार. भिवंडीत लूमला सुट्टी, म्हणून तुझ्यामाझ्या पंचांगात तोच एक वार. तू असताना आपण शुक्रवारी बोटाएवढे स्फटिक काढायचो, आठवतं? तेवढ्याला एक दिवस पुरत होता. संस्थेला हवंय तळहाताएवढ्या रुंदीचं. ते इतकं सावकाश ओढावं लागतं की शुक्रवार संपतो, शनिवारची पहिली पाळी सुरू होते आणि माझं काम अर्ध्यावर असतं.

आज सकाळी तेच झालं. झरोक्याला डोळा लावून बसले होते. बीजाचा इवला तुकडा खाली टेकलेला, त्याला धरून स्फटिक वर येतोय, भोवती वितळलेलं जर्मेनियम आरशासारखं स्थिर. पलीकडे लूम सुरू झाले आणि त्या आरशावर लाटा उठल्या. एका लाटेने घात होत नाही, पण खटखट तासन्‌तास चालते. बाहेर काढला तेव्हा खालचा अर्धा भाग जोडांनी भरलेला, एकाऐवजी अनेक स्फटिक एकमेकांना चिकटलेले. पुन्हा वितळवायचा.

मी काय काय केलं ते ऐक. भट्टीच्या खालची फरशी खणून वाळू भरली. चौथऱ्याखाली ट्रकच्या टायरच्या ट्यूबा हवा भरून घातल्या. शेलार गावातल्या गॅरेजवाल्याने विचारलं, “बाई, गाडी कुठाय?” माईला सांगितलं तर ती म्हणते, “नाचता येईना अंगण वाकडं.” आता आपलं अंगण खरंच हलतंय त्याला मी काय करू?

तुला माझा स्वभाव माहीत आहे. मला एका जागी बसवत नाही. आणि काम कसलं, तर बसून बघायचं. म्हणून मेथीच्या जुड्या घेऊन जाते. एक डोळा झरोक्यात, हात मेथी निवडतायत. मेथी झाली की लसूण. लसूण झाला की गाळ्यात येरझारा, मग परत झरोका. घरी माई म्हणते, इतकी भाजी कोण खाणार? अर्धी आळी माझी भाजी खातेय सध्या.

कधी वाटतं, संस्थेत जाऊन विचारावं, थोडं लहान चालेल का, तारीख पुढे जाईल का. पण ती तुझी माणसं. बोलणी माधवने करायची आणि भट्टी सुमतीने सांभाळायची, असं भाऊंनी पहिल्याच दिवशी ठरवून दिलं होतं, आणि आपण दोघांनी ते निमूट मानलं. संस्थेचा दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो तेसुद्धा मला ठाऊक नाही. तू तिथून आलास त्या दिवशी जे सांगितलंस तेवढंच मला ठाऊक: सिंगल क्रिस्टल हवा, एकसंध, आत एकही जोड चालणार नाही. तेच वाक्य मी भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय.

आणि एक. बीजासाठी चांगले तुकडे शोधत होते. आपले ते बोटाएवढे, निर्दोष निघालेले सगळे तू बरोबर नेलेस. माईने दिलेल्या बेसनाच्या लाडवांच्या डब्यात घातले होतेस, मीच बांधून दिले. एक तेवढा कपाटामागे पडलेला सापडला. त्याचंच बीज कापलं आहे. ते गेलं तर माझ्याकडे दुसरं नाही. नेताना एखादा तरी ठेवायचास रे.

सुमती


भिवंडी, २ मे १९८८

माधव,

आज मी खुशीत आहे. म्हणून आशीर्वाद. अर्धेच.

मला दोन दिवसांची शांतता हवी होती ना? ती चालत आली. शेटच्या शेडचे जॉबर, लूमची देखभाल करणारे अन्सारी चाचा, तुला चहा पाजायचे ते, काल गाळ्याच्या दारात उभे राहून सांगत होते, “ईद पे चार-पाँच दिन सब बंद, बहनजी. लड़के गाँव जाएँगे, शेड को ताला.” चार-पाच दिवस! मी शुक्रवार शुक्रवार करत बसले आणि एवढी मोठी गोष्ट नाकासमोर असून दिसली नाही. ईदनंतर गाळा द्यायचा म्हणून त्या सणाकडे मी फाशीची तारीख म्हणूनच बघत होते.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रमजान ईद मंगळवारी, सतरा तारखेला छापली आहे. लाल अक्षरात. सोमवारी दुपारी भट्टी पेटवायची, जर्मेनियम वितळवून रात्रभर स्थिरावू द्यायचं, मंगळवारी पहाटे बीज टेकवायचं. बुधवारी संध्याकाळपर्यंत स्फटिक हातात. लाइट जाऊ नये एवढंच देवाला सांगून ठेवलंय. एका हातगाडीवरून आर्गॉन वायूचा जादा सिलिंडर आणला, आणताना निजामपुऱ्यात एवढी गर्दी की हातगाडीवाल्याने मलाच ढकलायला लावलं.

तू असतास तर आकडे आणि तापमान मांडून बसला असतास, आणि मी तुझ्यावर ओरडले असते की पुरे, आता पेटव. खरं सांगू? मला ते ओरडणं आठवतं. तुझा राग आहे, खूप आहे, पण काम करताना बाजूला तू लागतोस. तू गेल्यापासून मी स्वतःशीच भांडते आणि त्यात काही मजा नाही.

माई विचारते, “माधवला कळवलंस का? तो तिकडून काही सांगेल.” कळवलं म्हटलं. सांगेल म्हटलं.

सुमती


भिवंडी, १९ मे १९८८

माधव,

हसून घे. तुला हसू येईल असंच झालं आहे.

सोमवारी संध्याकाळी भट्टी लावून घरी यायला निघाले. निजामपुऱ्यातून रिक्षा भुर्रकन निघाली. गर्दी नाही, फटाके नाहीत, शेवयांच्या दुकानांसमोर रांगा नाहीत. मला काय वाटलं असेल? मला आनंद झाला! म्हटलं, आज गाव कसं शहाण्यासारखं शांत आहे. ईदच्या आदल्या संध्याकाळी भिवंडी शांत असते का कधी? इतकी वर्षं या गावात काढली, दर ईदला शेवया खाल्ल्या, आणि डोक्यात फक्त तापमान. कॅलेंडरवर लाल अक्षर होतं, मग झालं.

मंगळवारी पहाटे बीज टेकवलं. इतकं सुरेख धरलं की काय सांगू. आधी बारीक मान, मग हळूहळू खांदे पसरायला लागले. उजाडलं तोवर स्फटिक रुंदीला आला होता. मेथीची जुडी मी सोडलीसुद्धा नव्हती. आणि सात वाजता पलीकडे लूम सुरू झाले.

मी तशीच धावले. शेडमध्ये अन्सारी चाचा. त्यांना म्हटलं, “चाचा, आज ईद है ना? बंद क्यों नहीं?”

“चाँद किधर दिखा, बहनजी? आज तीसवाँ रोज़ा है. ईद कल.”

“पर कैलेंडर में तो...”

“चाँद कैलेंडरवाले से पूछ के निकलता है क्या?”

दुसरा कुणी असता तर मी हसले असते. पण मला रडू फुटलं, सगळ्या शेडसमोर. बाळारामशेट तिथेच होते. मी हात जोडले, म्हटलं, एवढा एक दिवस बंद ठेवा. ते ओशाळले, पण म्हणाले, “ताई, माल न्यायला ट्रक उभा हाय. रोज्यात निम्मी मानसा आलीच न्हाईत, जी हायेत ती दुपारपातुर काम करून गावाला सुटनार. आज न्हाय भरला त पाच दीस माल पडून राहील. उद्यापास्ना तुमीच मालक, एक लूम चालला त मना सांगा. चार तास थांबता येत न्हाय का?”

नाही येत. तुला कळेल, त्यांना कसं कळणार? थांबायचं म्हणजे आलेला स्फटिक परत वितळवायचा, आणि त्यात बीज गळून पडलं की संपलं. दुसरं बीज लाडवांच्या डब्यातून अमेरिकेला गेलंय.

परत आले तर भिंतीलगतचे दोन लूम बंद झालेले. अन्सारी चाचांनी शेटना न विचारता बंद केले होते. बाकीचे चालूच. झरोक्यातून पाहिलं, लाटा येतच होत्या. मी भट्टी बंद करू शकले असते. केली नाही. का, ते मलाही सांगता येणार नाही. रागाने असेल. म्हटलं, ये, कसा यायचा तसा ये.

आज तो कापला. चकतीला आम्ल लावलं, पुसलं आणि उजेडात धरलं. जोडच जोड. निरनिराळ्या चकाकीचे तुकडे, गोधडीच्या ठिगळांसारखे. एक तडा नाही, एक बुडबुडा नाही, पण सिंगल नाही. ते बघून मी गाळ्यात खाली बसले आणि मोठ्याने रडले. कुणाला ऐकू जायची भीती नव्हती, लूम बंद होते.

तर तू जिंकलास. गाळा शेटना देते. संस्थेचं जर्मेनियम उरलंय ते आणि हा ठिगळांचा स्फटिक त्यांच्या दारात नेऊन परत करते, तेवढं तरी माझ्या हाताने होऊ दे. आशीर्वादाची जागा अजून मोकळीच आहे.

सुमती


भिवंडी, ९ जून १९८८

माधव,

काल संस्थेत गेले. दरवाजा उजव्या बाजूला उघडतो.

तिथे चंद्रा मॅडम म्हणून आहेत, उष्णता दाखवणाऱ्या यंत्राचं सगळं काम त्याच बघतात. मी चकती टेबलावर ठेवली आणि माफी मागायला सुरुवात केली. त्या ऐकतच नव्हत्या. चकती उचलून त्यांनी आत नेली, एका बाजूला गरम इस्त्री ठेवली आणि दुसऱ्या बाजूने मोजलं. बाहेर आल्या त्या हसतच. म्हणाल्या, “इतकी स्वच्छ कुठे होती इतके दिवस?”

मी म्हटलं, पण यात जोड आहेत. सिंगल नाही.

“जोड असू देत की! आम्हाला यातून उष्णता जाऊ द्यायची आहे, ट्रान्झिस्टर नाही बनवायचा. तडा नको, बुडबुडा नको, बस. सिंगलचं तुम्हाला कुणी सांगितलं?”

मी म्हटलं, माझ्या भावाने.

त्यांनी चकती टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, “माधवरावांना तर आम्ही पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. ओढायचीसुद्धा गरज नाही, साच्यात ओतून सावकाश गार केलं तरी चालेल. तेच म्हणाले होते की आमच्याकडे सिंगलच करू, बहिणीला त्याचा नाद आहे.”

बहिणीला नाद आहे!

मी परत येताना सबंध रस्ता ते बोटाएवढे स्फटिक मोजत होते. माझ्या शुक्रवारांचे स्फटिक. तुझी तिकडच्या कारखान्यातली मुलाखत त्यांच्यावर झाली ना? सिलिकॉनवाल्यांना जर्मेनियम नको असेल, पण स्फटिक ओढता येणारा माणूस हवा असेल. संस्थेला जोड चालत होते, तुला चालत नव्हते. हे खरं असेल तर तसं लिही. खोटं असेल तर शपथेवर लिही.

दोन वर्षं मी वाळू भरली, ट्यूबा फुगवल्या, शुक्रवारची वाट पाहिली, शेडमध्ये हात जोडून रडले. आणि यातल्या कशाचीच गरज नव्हती. जर्मेनियम सिलिकॉनसारखं एकसंध निघत नाही म्हणून मी त्यालाच दोष देत बसले होते. त्याने सिलिकॉन व्हावं असं ज्यांना त्याची गरज होती त्यांनी कधी म्हटलंच नव्हतं.

आज मला लिहायला सुचत नाही. तू इथे असतास तर थोबाडीत दिली असती, आणि मग तुला जेवायला वाढलं असतं, हे मला माहीत आहे. त्याचाच राग जास्त येतो.

सुमती


भिवंडी, १४ ऑगस्ट १९८८

माधव,

दोन महिने पत्र लिहिलं नाही. तू लिहिशील म्हणून थांबले होते. शपथेवर नाहीच, साधंही आलं नाही. मग मी जे समजायचं ते समजले.

आता व्यवहाराचं. चंद्रा मॅडमनी काम माझ्या नावाने दिलं आहे, वर्षभराचं. पहिला साचा मी सरळ भिंतींचा केला आणि पस्तावले. हे जर्मेनियम गोठताना बर्फासारखं फुगतं, साचा ताडकन फुटला. मग तोंडाशी रुंद, तळाशी निमुळता साचा केला. फुगायला जागा मिळाली की ते आपोआप वर सरकतं. आतापर्यंत चांगल्या चकत्या निघाल्या आहेत. त्यातली एक घासून, भिंग होऊन यंत्रात बसलीसुद्धा.

गाळ्याचं असं केलं. बाळारामशेटकडे गेले आणि म्हटलं, माझ्या भावाचं संमतीपत्र तुमच्याकडे आहे ना, ते त्याच्या वाट्यापुरतं खरं धरा. त्याचा अर्धा तुमचा. माझा अर्धा माझा. शेट डोकं खाजवत म्हणाले, “पन ताई, लूम चालले का तुमची भट्टी हालंल.” म्हटलं, हलू दे. तिला आता चालतं. मध्ये विटांची भिंत घातली. तुझ्या अर्ध्यात चार लूम बसले, ईदवरून परतलेली पोरं ते चालवतात. खटखट इतकी की माझं मलाही ऐकू येत नाही, आणि साच्यात जर्मेनियम आपलं मुकाट गार होत असतं. अन्सारी चाचा येता-जाता दार वाजवतात, “बहनजी, आज चाँद दिखा?” सगळी शेड हसते. मीही हसते.

तुला यात काही विचारलं नाही, कारण हरकत नाही हे तू आधीच सहीने कळवलं होतंस.

आता शेवटचं, आणि ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. चंद्रा मॅडम गेल्या रविवारी यंत्र घेऊन घरी आल्या होत्या. माईला दाखवायचं म्हणून. चूल पेटलेली असताना भिंतीच्या पलीकडून तवा कुठे आहे ते नाही दिसत त्यात, पण मीटरच्या डब्यातला तापलेला जोड दिसला, माईचा हात पडद्यावर पांढरा दिसला. माई हरखून गेली. मॅडम तिच्या कानाशी मोठ्याने म्हणाल्या, “तुमच्या मुलीने केलंय हे भिंग.” माईने मान डोलावली. मॅडम गेल्या, आळीतल्या बायका जमल्या, आणि माई त्यांना सांगायला लागली, “माधवने तिकडून सगळं सांगितलं, कसं करायचं ते. ही काय, हिने त्याच्या सांगण्याबरहुकूम केलं. आणि बहिणीचं चालावं म्हणून आपला अर्धा गाळासुद्धा सोडला पोराने.”

मी स्वयंपाकघरात उभी होते. तोंडाशी आलं होतं सगळं. संस्था, सिंगल, लाडवांचा डबा, सगळं. माईचा चेहरा बघितला आणि बायकांसाठी चहाचं आधण ठेवलं. तिला मी चकती दाखवली असती, संस्थेचं माझ्या नावाचं पत्र वाचून दाखवलं असतं, तरी तिने त्यातून तुलाच पाहिलं असतं. मी सांगितलं तर ती म्हणेल, सुमती जळते भावावर.

म्हणून हे तू सांगायचं. मला उत्तर नको, माझ्यासाठी लिहू नकोस. माईला लिही. मोठ्या अक्षरात लिही, म्हणजे तिची ती वाचेल, मला वाचून दाखवावं लागणार नाही. भिंग ताईने केलं, मी नाही, एवढं एक वाक्य. त्याखाली बाकीचं लिहायचं धैर्य असेल तर तेही.

ते पत्र आलं की मी तुला आशीर्वाद देईन, पूर्ण, उत्तम, अनेक. आणि नाही आलं तरी माई तुझी वाट बघतच राहील, तुझी खुशाली आळीभर सांगत राहील, आणि मी तिला कधीही काही सांगणार नाही. तिच्याजवळ तू जसा आहेस तसा राहू दे. फक्त रोज संध्याकाळी घरी आल्यावर मला ते ऐकावं लागेल, हे तुला ठाऊक असू दे.

तुझी ताई
सुमती